पान एकशे बारा

९ ऑक्टोबर

काडे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला टाकशील अशी भीती होती, म्हणून पत्ता मदतनीस बाईंकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर चांगलं गोल आहे, फसली असशील. आता उघडलंच आहेस तर वाच. एका कामापुरतं लिहिते आहे.

यांच्या मार्गदर्शिकेत पान एकशे बारावर चित्रगुहांची वाट दिली आहे. वाक्य असं आहे: 'ओढा उजव्या हाताला ठेवून चढत जावं; वीस मिनिटांत दगडी पायऱ्या लागतात.' अकरा वर्षांपूर्वी तू या पानाबद्दल काहीतरी कळवलं होतंस. ते पत्र आता सापडत नाही. तू अजून त्याच जंगलात प्राणी मोजतेस ना? मग तुला ठाऊक असणार. वाट नेमकी कशी आहे ते पुन्हा कळवशील का? दोन ओळी पुरतील. नव्या आवृत्तीची पानं पुढच्या महिन्यात छपाईला जाणार आहेत.

इथेच थांबणार होते, पण कारण न सांगता विचारणं बरं दिसत नाही. सप्टेंबरात भूगोलाचे एक मास्तर आणि त्यांची बायको पुस्तक हातात घेऊन त्या वाटेने गेले. वीस मिनिटं चढल्यावर पायऱ्या लागल्या नाहीत. कमरेएवढं गवत लागलं, आणि गवताच्या पलीकडे जमीनच नव्हती. मास्तर पुढे होते. ते दीड मजला खाली पडले. कमरेचं हाड मोडलं आहे, आमच्याच शहरातल्या इस्पितळात आहेत. त्यांच्या बायकोने प्रकाशकांना पत्र लिहिलं, प्रकाशकांनी ते आमच्याकडे पाठवून दिलं. पत्रात भांडण नाही, धमकी नाही. एकच प्रश्न आहे: 'या वाटेने तुम्ही स्वतः गेला होतात का?'

यांच्या हातून एखादा बारीक तपशील राहून गेला असेल. इतक्या वर्षांत, इतक्या पानांत, होतं असं.

यांना दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, उजवी बाजू गेली, हे तुला कुणीतरी कळवलं असेलच. मी बरी आहे. तूही असावीस.

ताई


२१ ऑक्टोबर

काडे,

कार्ड मिळालं. 'चढताना ओढा डाव्या हाताला. तेव्हाही हेच लिहिलं होतं.' वर नाव नाही, खाली सही नाही. तरी मी ते पाच वेळा वाचलं. लहानपणी रुसलीस की अशीच तोडून बोलायचीस, आणि आई म्हणायची, हिला काडी उगाच नाही म्हणत, अंगानेही काडी आणि पेटायलाही काडी.

तू विचारलं नाहीस, तरी आमचं घर सांगते. तिसरा मजला, दोन खोल्या, काचा लावून बंद केलेली गॅलरी. यांचा पलंग मधल्या भिंतीशी, उशाला एक घंटी. बोलणं जड झालंय, ओठ एका बाजूला ओढले जातात, पण घंटी डाव्या हाताने उत्तम वाजते. पाण्यासाठी एकदा, कूस बदलायला दोनदा. आणि मी कुठे आहे हे पाहायला कितीही वेळा. मदतनीस बाई दुपारी तीनला येतात आणि पाचला जातात. ते दोन तास माझे. त्यात औषधाचं दुकान, भाजी, टपाल. एकदा मी नदीवरच्या पुलापर्यंत गेले होते, तर परत येईपर्यंत यांचा रक्तदाब वाढला. तेव्हापासून पुलाच्या दिशेने जात नाही.

समोरच्या भिंतीवर राज्याचा नकाशा आहे, त्यात लाल टाचण्या. मला ही पाचशे पानं तोंडपाठ आहेत. पाणपक्षी कुठल्या तळ्यावर कुठल्या महिन्यात उतरतात, लाकडी मुखवटे कोरणारं गाव नदीच्या कितव्या वळणावर आहे, डोंगरी किल्ल्याचा कुठला दरवाजा संध्याकाळी लवकर बंद होतो, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वारसा, वन्यजीव, संस्कृती, तिन्ही भाग. आणि मी स्वतः या राज्यात किती फिरले आहे, तर औषधाच्या दुकानापर्यंत.

यांनी त्या बाईंना द्यायचं उत्तर सांगितलं. 'होय, मी स्वतः गेलो होतो. अलीकडच्या पावसात वाट खचली असावी.' मी टाईप केलं, यांनी डाव्या हाताने सही केली. पाकीट तीन दिवसांपासून टेबलावर पडून आहे. रोज विचारतात, टाकलंस का? मी म्हणते, तिकिटं संपली आहेत.

खरं सांगते. हे त्या वाटेने कधी गेले नव्हते.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं हे खरोखर फिरत. मान रापलेली, मोज्यांत काटे, अंगाला धुराचा वास. मग एकदा पंधरा दिवस उत्तरेच्या जंगलात राहून परत आले आणि मी बूट पुसायला घेतले, तर पुसण्यासारखं काही नव्हतंच. सदऱ्याच्या खिशात लॉजच्या धोब्याची चिठ्ठी सापडली, तीन तासांवरच्या गावातली, चौदा दिवसांच्या कपड्यांची. मी चिठ्ठी खिशात परत ठेवली आणि सदरा तसाच खुंटीला लावला. संध्याकाळी विचारलं, जंगल कसं होतं? इतकं सुंदर सांगितलं यांनी, काडे. मी लिहून घेतलं. पुढे पुढे सांगणंही बंद झालं. म्हणायचे, तू भर, तुला माझी शैली माहीत आहे.

मग ही वाट पुस्तकात आली कुठून, असं विचारशील. जुने नकाशे, वाचकांची पत्रं, सरकारी पुस्तकं. असंच, कुठून कुठून.

ताई


३१ ऑक्टोबर

काडे,

'कुठून कुठून' वाचून तू काय केलं असशील याचा विचार करत दहा दिवस काढले. त्याबद्दल खाली लिहिते. आधी जे ताजं आहे ते.

सोमवारी तीनला बाई आल्या आणि मी पिशवी घेऊन बाहेर पडले, ती भाजीला न जाता इस्पितळात. चार थांबे. अस्थिविभाग दुसऱ्या मजल्यावर, लांबच लांब खोली, खिडकीजवळचा पलंग. मास्तर झोपले होते. छातीपासून मांड्यांपर्यंत पट्टा आवळलेला, पायांना वजनं बांधलेली. बायको स्टुलावर बसली होती. साधारण माझ्या वयाची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पुस्तक तिच्या मांडीवर होतं, पान एकशे बारा आत दुमडलेलं. मी लेखकाची बायको आहे असं सांगितल्यावर तिने स्टूल मला दिलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, जणू वर्गातल्या मुलाला समजावावं तसं बोलत होती. मास्तरांकडे नकाशा होता, नकाशात वाट ओढ्याच्या दुसऱ्या बाजूने होती. ते त्या बाजूला वळलेही होते. हिनेच त्यांना थांबवलं. म्हणाली, "मी म्हटलं, नकाशा काढणारा ऑफिसात बसलेला असतो. हे लेखक स्वतः जाऊन आलेत, पुस्तकाचं ऐका. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस नकाशाच्या बाबतीत माझं पहिल्यांदाच ऐकत होता."

मग तिने मला पत्रातला प्रश्न तोंडी विचारला. तेव्हा मला कळलं, ती हे का विचारते आहे. लेखक जाऊन आला असेल तर दोष पावसाचा. नसेल तर दोष तिचा, असं तिने धरून ठेवलं आहे.

मी म्हटलं, "हे गेले होते. वाट नंतर खचली."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, मग नशीबच आमचं. आणि मला पाणी विचारलं. मी ते प्याले, काडे. तिच्या हातचं पाणी पिऊन पाचच्या आत घरी आले. भाजी का नाही आणली, यावर दुसरं खोटं बोलले.

आता ते कुठून कुठून.

ते वाक्य तुझं आहे. तू जंगलात नोकरीला लागलीस त्या वर्षी मला लिहिलं होतंस, आठ पानी पत्र. गुहेतली चित्रं पाहून खाली आलीस ते सगळं. 'ओढा उजव्या हाताला ठेवून उतरत आलो, वीस मिनिटं, पाण्याचा आवाज सतत सोबत.' मी ते पत्र टाईपरायटरशेजारी ठेवलं आणि 'उतरत आलो'चं 'चढत जावं' केलं. हात बदलायचा राहिला. माणूस वळला की उजवं ते डावं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं, कारण मी आयुष्यात कुठल्या ओढ्याच्या बाजूने चढलेच नव्हते.

पुस्तक छापून आल्यावर तुझं पत्र आलं. 'ताई, माझं वाक्य चोरलंस ते चोरलंस, उलटं कशाला छापलंस? कुणीतरी मरेल.' ते सापडत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. मी यांना ते कधीच दाखवलं नाही. यांना सांगितलं की धाकटी म्हणते, तुमचं पुस्तक खोटं आहे, वर्तमानपत्रात लिहिणार आहे. हे भडकले आणि तुला ते पत्र गेलं. यांनी पहिल्या दोन ओळी सांगितल्या होत्या. 'आमच्या घराची पायरी पुन्हा चढू नकोस' हे यांनी सांगितलेलं नाही. ते मी टाईप केलं.

का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एका पानाची चूक कबूल केली असती तर दुसऱ्या पानाबद्दल विचारलं गेलं असतं, मग तिसऱ्या. ती पानं माझ्याकडून काढून घेतली गेली असती. आणि बाहेर जाणं म्हणून माझ्यापाशी होतं ते तेवढंच होतं, काडे. हे घंटी वाजवायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून.

ताई


८ नोव्हेंबर

काडे,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नाही असं म्हणणार नाही.

परवा सकाळी प्रकाशकांचा फोन आला. तपासलेली पानं हवी होती. मी म्हटलं, एकशे बारा बदलायचं आहे. ते म्हणाले, लेखकाची सही आणा, एका दिवसात बदलतो. फोन पलंगाजवळच आहे, यांनी सगळं ऐकलं. मी पानांचा गठ्ठा घेऊन यांच्यासमोर बसले.

यांनी मान हलवली. नाही. मी म्हटलं, वाट चुकीची आहे. हे म्हणाले, "मी गेलो होतो."

पंचवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी चहाचा कप उचलून आत गेले असेन. या वेळी उठता आलं नाही. इस्पितळातल्या त्या बाईचे मिटलेले डोळे समोर आले.

"नाही गेलात," मी म्हटलं. "काडी गेली होती. मी तिच्या पत्रातून घेतलं, ते उलटं घेतलं. तुम्ही लॉजवर होतात."

मला वाटलं होतं घंटी भिंतीवर आपटेल. काहीच झालं नाही. हे नकाशाकडे बघत राहिले. मग तुटक तुटक, एकेक शब्द ओढून आणत बोलले. तेवढं सगळं सांगायला अर्धा तास गेला असेल.

"तुला माहीत होतं. हे मला माहीत होतं. धोब्याची चिठ्ठी तू परत ठेवलीस. पण उलटी घडी घालून."

मी विचारलं, जंगलात जाणं का सोडलंत?

चौथ्या वर्षी, उत्तरेकडे, सकाळी सकाळी वाटाड्या पुढे आणि हे मागे. झुडपातून अस्वल आलं ते थेट वाटाड्याच्या अंगावर. हे पळाले. मागून हाक येत होती, यांच्याच नावाची. हे ओढा ओलांडून रस्त्यापर्यंत पळाले, पहिली मिळाली त्या बसमध्ये बसले. मी विचारलं, वाटाड्याचं काय झालं? म्हणाले, "विचारलं नाही." मग म्हणाले, "कधीच नाही विचारलं." ओढलेल्या ओठाच्या कडेने लाळ येत होती, ती पुसू दिली नाही मला.

पुस्तकातलं अस्वलाचं पान आठवतं तुला? पान दोनशे चाळीस. त्यात लेखक निश्चल उभा राहतो आणि अस्वल निघून जातं. शाळांच्या वाचनमालेत घेतलं होतं ते. टाईप करताना मला फार अभिमान वाटला होता.

मी आणखी एक विचारलं. खरं तर तेच विचारायचं होतं. पंचवीस वर्षं मी म्हणत होते, एकदा मला न्या, कुठेही, किल्ल्यावर, तळ्यावर. दर वेळी म्हणायचात, तुला झेपणार नाही. का?

हे म्हणाले, "तू आली असतीस, तर कुठे गेलो असतो आपण?"

यांच्या लॉजला खिडकी होती का, तेही मी विचारलं नाही. चौदा चौदा दिवस एका खोलीत पडून राहायचं आणि मग घरी येऊन जंगल सांगायचं. आणि इथे मी दुसऱ्या खोलीत. एकाच राज्यावर पुस्तक लिहिणारे आम्ही दोघं, आणि दोघंही दार लावून बसलेले.

पान एकशे बारावर यांनी सही केली. मी गठ्ठा पुढे सरकवत गेले. कुणीच न गेलेली एकूण बासष्ट पानं आहेत, मी पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. हे प्रत्येक पानावर डाव्या हाताने सही करत गेले, लहान मूल गिरवतं तशी. दोनशे चाळीसवर आले तेव्हा पेन खाली ठेवलं. मी आग्रह केला नाही. थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

तेव्हापासून बोलत नाहीत. घंटी मात्र वाजवतात.

ताई


१८ नोव्हेंबर

काडे,

प्रकाशकांनी आवृत्ती थांबवली आहे. बासष्ट पानांचा गठ्ठा पाहून ते बराच वेळ चष्मा पुसत होते. वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की त्यांनी हे पुस्तक स्वतःच्या मुलीच्या हातात देऊन तिला सहलीला पाठवलं होतं. दुकानांतल्या प्रती परत मागवणार आहेत आणि वर्तमानपत्रात सूचना देणार आहेत. सूचनेच्या खाली कुणाचं नाव घालू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं. ते म्हणाले, पण पुस्तकावर तुमचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं, मग तिथे पहिल्यांदा येऊ द्या.

मंगळवारी पुन्हा इस्पितळात गेले. मास्तर या वेळी जागे होते. बोटभर दाढी वाढलेली, नजर अगदी स्वच्छ. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हे गेले नव्हते, मीही नव्हते, वाक्य बहिणीच्या पत्रातलं, मी उलटं केलं, बहिणीने सावध केलं तरी अकरा वर्षं तसंच ठेवलं, आणि मागच्या खेपेला तुमच्याशी खोटं बोलले. बोलताना पाठीमागे भांडी आपटल्याचा आवाज येत होता, वाटीवर वाटी. अजून कानात आहे.

 बायकोने पुस्तक उचललं आणि माझ्या पिशवीत ठेवलं, दुसऱ्याची आपल्याकडे राहिलेली वस्तू परत करावी तसं. मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मास्तर म्हणाले, "म्हणजे नकाशा बरोबर होता."

ती वळली. मला वाटलं आता रडेल. ती त्यांच्यावर चिडली. म्हणाली, हाड मोडून पडलात आणि सुचतंय काय तर नकाशा. मास्तर हसायला लागले, हसताना पट्टा आवळून कळ आली, तरी हसत राहिले. मला हसायचा हक्क नव्हता. मी खाली बघत राहिले.

डॉक्टर म्हणतात काठी घेऊन चालतील, सहा महिन्यांनी, कदाचित आठ. चढ-उतार नाही. म्हणजे त्या गुहा आता मास्तरांना कधी दिसणार नाहीत. निघताना बायको दारापर्यंत आली. "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, नका म्हणू. आणि मी जिन्याकडे वळले तेवढ्यात मास्तरांनी आतून हाक मारली.

"पायऱ्या किती आहेत ते मोजून या. पुस्तकात दिलेलं नाही."

मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, चित्रं कुठल्या रंगात आहेत, छतावर आहेत की भिंतीवर, उजेड कुठून येतो, सगळं. मी तिथवर पोचलो नाही, तुम्ही जा आणि मला येऊन सांगा. पण या वेळी बघून सांगा.

मी बाईंना विचारलं आहे. त्या पुढच्या गुरुवारी सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहेत. यांना अजून सांगितलेलं नाही.

ताई


२७ नोव्हेंबर

काडे,

काल गेले होते.

यांना बुधवारी सकाळी सांगितलं. त्या सह्यांनंतर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "गेलीस तर औषध घेणार नाही." मी गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरल्या आणि बाईंना दाखवून ठेवल्या. गुरुवारी पहाटे चप्पल घालताना घंटी वाजली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी दारात उभी राहिले. बाई म्हणाल्या, जा ताई, मी आहे ना. जिन्यात तिन्ही मजले तो आवाज माझ्याबरोबर उतरत होता. बस सुटेपर्यंत मी दोनदा खाली उतरायला उठले. शेजारच्या माणसाला वाटलं मला मळमळतंय, त्याने खिडकीची जागा दिली.

बस साडेतीन तास जाते. मी पुस्तकात अडीच लिहिलं होतं.

ज्या गावात बस थांबते तिथे वाट दाखवणारी एक बाई मिळाली, साठीची, अनवाणी. ओढ्याशी आल्यावर मी थांबले आणि माझा डावा हात बाहेर काढून पाहिला. पाणी डावीकडे. ती म्हणाली, हात दुखतोय का? पलीकडच्या काठाला, जिथे मी लोकांना पाठवत होते, तिथे नुसतं गवत हलत होतं. दिसायला तीच बाजू जास्त सोपी दिसते.

वीस मिनिटं तुला लागली असतील. मला पन्नास लागली. गुडघे, दम, सगळं. ती बाई दर वळणावर थांबायची आणि झाडांची नावं सांगायची. त्यातली निम्मी मी छापून टाकली होती, पण झाड समोर असून ओळखता आलं नाही एकही. तिने विचारलं, पहिल्यांदाच आलात का इकडे? मी हो म्हटलं. किती सोपं होतं ते.

पायऱ्या एकोणतीस आहेत. शेवटची अर्धी मोडलेली आहे, मोजायची की नाही ते मास्तरांना विचारीन. चित्रं छतावर आहेत, तांबड्या रंगात, एका कोपऱ्यात पांढरी. हरणांच्या रांगा, जाळं धरलेली माणसं, एक मोठा प्राणी, ज्याला मी पुस्तकात रेडा म्हटलं होतं. तो रेडा नाही. काय आहे ते मला माहीत नाही, आणि तसंच मी मास्तरांना सांगणार आहे. उजेड खालून येतो, ओढ्याच्या पाण्यावरून, आणि छतावर हलतो, त्यामुळे हरणं पळाल्यासारखी दिसतात. हे तू आठ पानांत कुठेच लिहिलं नव्हतंस. की लिहिलं होतंस आणि मला टाईप करताना ते कामाचं वाटलं नाही?

त्या बाईने गावातून एक फळी आणि डांबर आणून दिलं. फळीवर लिहून ती ओढ्याशी एका खांबाला बांधून आले: चढताना पाणी डाव्या हाताला. खाली कुणाचं नाव नाही.

चारची बस गाठायची होती. तुझं वनखात्याचं केंद्र तिथून किती लांब आहे ते मला विचारायची गरज नव्हती, अंतरं मला पाठ आहेत. बारा किलोमीटर. येऊ शकले असते असं नाही आणि येऊ शकले नसते असंही नाही. चारनंतर बस नव्हती, आणि तुझ्या दारात मुक्कामाला उभं राहायचा हक्क मी माझ्याच हाताने टाईप करून घालवला होता.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. यांनी खरंच गोळ्या घेतल्या नव्हत्या. बाई रडकुंडीला आल्या होत्या. मी पाणी घेऊन बसले, एकेक गोळी यांच्या जिभेवर ठेवली, आणि यांनी गिळली. तोंड पुसू दिलं. मग माझ्या पायांकडे, साडीच्या काठाला लागलेल्या चिखलाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काय दिसलं?"

मी म्हटलं, उद्या सांगते, आज दमले आहे. आज सकाळी पायऱ्या सांगितल्या, छत सांगितलं, तो प्राणी सांगितला. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, लिहून घे. मी म्हटलं, नाही. पुढच्या गुरुवारी बाई येतील की नाही माहीत नाही, त्या फार घाबरल्या आहेत. म्हणजे पुन्हा ते दोन तास, औषधाचं दुकान, भाजी. आता घंटी वाजतेच आहे, म्हणून आटोपते.

एक गोष्ट मात्र मी यांना सांगितलेली नाही, मास्तरांनाही सांगणार नाही. गुहेच्या तोंडाशी कड्यावर उभं राहिलं की दरीपलीकडे तुमच्या खात्याचा टेहळणीचा मनोरा दिसतो. वर कुणीतरी उभं होतं, बोटाएवढं, बारीक. दुर्बीण डोळ्यांना असावी. मी हात वर केला. बराच वेळ तसाच धरला, खांदा दुखेपर्यंत. मग पलीकडूनही एक हात वर झाला आणि खाली आलाच नाही, मी पायऱ्या उतरायला लागेपर्यंत.

ती तू नसलीस, तर मला कळवू नकोस.

ताई